कांचनचा चळ

कांचनला चळ लागलाय, ही बातमी आष्ट्याच्या दत्त गल्लीत पसरली तेव्हा ती बिचारी परसात बसून कुरडया उलटत होती. तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी ती काय बोलली असती म्हणा! "असेल बाई," म्हणाली असती आणि पुढची कुरडई उलटली असती.

ही बातमी दिली होती एका यंत्रानं, आणि ती गल्लीभर केली मुक्ताई महिला भजनी मंडळातल्या बायकांनी. बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राचा शब्दच तसा होता.

मंडळाची प्रमुख विजयमाला. सगळ्या तिला आक्का म्हणत. वय साठीच्या पलीकडं, पण आवाज असा खणखणीत, की देवळात तिनं पहिला सूर लावला की स्टँडवरची माणसं सहा वाजले म्हणून चहा टाकायला उठत. कांचन तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे आता राहिले नव्हते. एकाच घराचे दोन भाग, मधे सामाईक परस, आणि परसात एक शेवगा, ज्याच्या शेंगा विजयमाला वाटायची आणि पाला कांचन झाडायची. भजनातही तसंच होतं. विजयमाला चाल सांगायची, टाळ घेऊन पुढं बसायची. कांचन तिच्या डाव्या गुडघ्यामागं बसून टाळ वाजवायची, आणि ती तिथं आहे हे कुणाच्या फारसं ध्यानात नसायचं.

त्या वर्षी राज्याच्या भजन स्पर्धेचा नियम बदलला. निम्मे गुण परीक्षक देणार आणि निम्मे 'सांगाती' देणार होता. सांगाती म्हणजे करंगळीएवढी पट्टी. ती टाळाच्या दोरीला किंवा वाद्याला अडकवली की आवाज रेकॉर्ड करायची आणि कुणाचा ठोका कधी पडला हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपून घ्यायची. तोवर हे यंत्र शहरात चांगलंच बोकाळलं होतं. कंपन्या नोकरीला माणूस घेताना त्याला इतरांबरोबर टेबल वाजवायला लावत. स्थळ बघायला गेलेली मंडळी कांदेपोह्यांनंतर पोराला आणि पोरीला समोरासमोर बसवून टाळ्या वाजवायला सांगत, आणि आकडा बरा आला तर पत्रिका काढत. आष्ट्याला तेवढं पोचायचं राहिलं होतं, तेही पोचलं.

घेऊन आली ती शर्वरी मगदूम. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत ज्या चौघांनी हे यंत्र बांधलं त्यातली ती एक. सांगलीकडच्या मंडळांना महिनाभर सरावाला यंत्र द्यायचं म्हणून ती गावोगाव हिंडत होती. पोरगी हुशार होती, पण भजनी मंडळातल्या बायकांशी तिचा संबंध पहिल्यांदाच येत होता.

"आपल्याला वाटतं दोघी एकदम टाळ वाजवतात," ती सभामंडपात मांडी घालून सांगू लागली. "एकदम कधीच वाजत नाही. केसाएवढं का होईना, पुढंमागं होतंच. मेंदू ते अंतर ऐकतो आणि पुढचा ठोका तेवढा सरकवतो. पण किती सरकवायचा हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. काही माणसांना वाटतं, जे होतं ते माझ्यामुळं होतं. ती सहसा सरकत नाहीत. काहींना समोरच्याच्या मनातलं आधीच कळतं, ती लगेच सरकतात. दोघंही अजिबात सरकणारे नसले तर फाटतं. दोघंही पुरते सरकणारे असले तरी गोंधळच. बोळात समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखं होतं, हा डावीकडं झाला की तोही डावीकडं."

"आमच्या ह्यांचं नि माझं असंच व्हायचं," पेटीवाली उज्ज्वला म्हणाली, आणि बायका खिदळल्या.

"मग ज्याचा ठोका दुसऱ्यांमुळं जितका हलतो," शर्वरी म्हणाली, "त्याला आम्ही म्हणतो चळ."

आता चळणे म्हणजे हलणे, त्यावरून तिनं हा शब्द काढलेला. प्रयोगशाळेत कुणी हसलं नव्हतं. पण आष्ट्यात चळ लागणं म्हणजे डोकं फिरणं, हे काय सांगायला हवं? पखवाजावरची अलका तर तोंडाला पदर लावून आडवीच झाली. त्या संध्याकाळचं भजन यंत्रानं टिपलं. दुसऱ्या दिवशी कांचन कुरडयांसाठी घरी राहिली होती, तेव्हा शर्वरीनं आकडे वाचून दाखवले. विजयमालाचा चळ जवळजवळ शून्य. ऋतुजाचा, म्हणजे उज्ज्वलाच्या सुनेचा, थोडासा. बाकीच्यांचा बेताचा. आणि सगळ्यांत जास्त, दुसऱ्या क्रमांकाच्या तिप्पट, कांचनचा.

"अगं बाई! कांचनला चळ लागला!"

"जास्त म्हणजे वाईट असं नाही हं," शर्वरी हात हलवत सांगत होती, "तो कशामुळं आलाय ते बघावं लागतं—" पण त्या हशात तिचं कोण ऐकतंय. आणि विजयमाला तर उठलीच होती. तिचं शून्य आलं होतं. तिला आणखी काय ऐकायचं होतं?

स्पर्धेत नऊ जणींनाच परवानगी होती, आणि मंडळात बाया होत्या दहा. कुणाला वगळायचं या प्रश्नानं विजयमालाची झोप उडाली होती. आता यंत्रानं उत्तर दिलं.

तरी ती लगेच बोलली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. जिभेवर घेऊन ती दोन दिवस हिंडली. तिला आपल्या सासूची आठवण येत होती. कांचन नवी नवरी होऊन घरात आली, तेव्हा सासूनं तिचा हात विजयमालाच्या हातात दिला होता आणि म्हटलं होतं, "हिला सांभाळून घे गं." विजयमालानं ते आयुष्यभर पाळलं. निदान तिची तशी पक्की समजूत होती. चारचौघींत ती सांगायचीसुद्धा, "माझी जाऊ गरीब गाय आहे. मी सांभाळून घेतली म्हणून निभावली."

तिसऱ्या दिवशी सकाळी कांचन शेवग्याखाली झाडत होती. विजयमाला तिच्यापाशी गेली.

"कांचन, रागवू नकोस. यंदा तू विश्रांती घे. तुझा गुडघाही दुखतोय. आपल्याला नंबर काढायचाय गं, यंत्र काय म्हणतंय ते ऐकलंस ना?"

कांचनचा हात थांबला. तिनं खराटा भिंतीला टेकवून ठेवला, नीट, पडणार नाही असा.

"बरं, आक्का," ती म्हणाली.

सुटले बाई, असं विजयमालाला वाटलं.

त्या संध्याकाळी कांचनच्या जागी ऋतुजा बसली. पोरीचा टाळ कसा, तर खिळा ठोकावा तसा. विठ्ठलाच्या रूपाचा संथ अभंग बरा झाला. मग विजयमाला रंगात आली, आणि लग्गीला, लय दुप्पट होते तिथं, सगळं कोसळलं. पखवाज एकीकडं, पेटी दुसरीकडं, ऋतुजा आपली मधे ठाम, आणि विजयमाला पुढं. यंत्राच्या पडद्यावर मंडळाचा 'एकजीव' म्हणून जो आकडा यायचा तो निम्म्यावर आला.

"अलका, झोपलीस काय पखवाजावर?"

"मी कशाला झोपतेय? तुम्ही कुठं पळताय ते सांगा आधी!"

"मी पळतेय? माझा चळ शून्य आहे!"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. विजयमालानं आळीपाळीनं सगळ्यांना फैलावर घेतलं. चौथ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत. एकीनं पाहुणे आल्याचं सांगितलं आणि दुसरीनं तेवढंही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. भांडणं व्हायची, पण दुसऱ्या दिवशी बाया यायच्या. का यायच्या, याचा विचार विजयमालानं कधी केला नव्हता.

घरी आली तर कांचन दारात उभी, हातात किल्ली.

"आक्का, ही तुमच्याकडं ठेवते. प्रणोती बारामतीला बोलावतेय. रविवारी तिचा नवरा गाडी घेऊन येणार आहे."

"जा की. लेकीकडं चार दिवस बदल होईल."

"चार दिवस नाही, आक्का." कांचन तिच्याकडं न बघता म्हणाली. "आता तिकडंच राहावं म्हणतेय. इथं काय अडलंय माझ्यावाचून?"

विजयमालानं किल्ली घेतली. किल्ली हातात तशीच राहिली. रात्री जेवण गेलं नाही, आणि भांड्यांचा आवाज पलीकडून येतो का हे ती ऐकत बसली. हे परस, हा शेवगा, आणि पलीकडच्या भागाला कुलूप.

सकाळी तिनं शर्वरीला फोन लावला. "तुझं यंत्र बिघडलंय. येऊन बघ."

शर्वरी आली. तिनं आधीचं आणि आताचं सगळं रेकॉर्डिंग काढलं, बराच वेळ कानाला लावून ऐकलं आणि मग विचारलं, "आक्का, एक ऐकवू? दोनच टाळ ठेवते, बाकी सगळं बंद करते. तुमचा उजव्या कानात येईल, कांचनकाकूंचा डाव्या."

सभामंडपात तेव्हा या दोघी आणि उज्ज्वला एवढ्याच होत्या. विजयमालानं कानाला लावलं.

उजव्या कानात तिचा स्वतःचा टाळ. चांगला खणखणीत होता. ऐकून तिला बरंही वाटलं. मग अभंग रंगला आणि तो टाळ पुढं सरकू लागला. सरळ पळतच होता की! आपण पळतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण तिनं ते ऐकलं कधी होतं? आणि डाव्या कानात तो दुसरा टाळ, बारीक, हलका. उजवा पळाला की डावा थोडा धावायचा. सगळा नाही, निम्मा. मग क्षणभर थांबायचा, मागं बघितल्यासारखा, आणि पुन्हा धावायचा.

"आता यात पखवाज मिसळते," शर्वरी म्हणाली.

आणि मग कळलं. पखवाज मागं राहिला होता. डावा टाळ निम्मं अंतर आक्काकडं यायचा आणि पखवाजाला हाताला धरल्यासारखा घेऊन यायचा. आक्कालाही तोच थोडा मागं धरायचा. प्रत्येक वेळी.

"कांचनकाकूंचा चळ त्यांचा नाहीच," शर्वरी म्हणाली. "तुमच्या पळण्याचा आणि बाकीच्यांच्या मागं राहण्याचा आहे. दोन्हीकडचा फरक त्या एकट्या अंगावर घेत होत्या. दाराची बिजागरी हलते म्हणून दार जागेवर राहतं ना, तसं. आणि मी नाव दिलं चळ. चुकलंच माझं."

विजयमालानं कानाला लावलेलं काढलं नाही.

"आक्का, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते," उज्ज्वला म्हणाली. "त्या नळाच्या पाण्यावरून तू मला घालूनपाडून बोललीस ना? मी तेव्हाच मंडळ सोडणार होते. संध्याकाळी कांचन वाटीभर आमटी घेऊन आली. म्हणाली, 'आक्कांच्या मनात तसं काही नव्हतं, त्यांनीच पाठवलीय.' मला ठाऊक होतं तू पाठवली नाहीस. तुझ्या आमटीत इतका गूळ नसतो."

"किती वेळा आली अशी?"

"माझ्याकडं? आता मोजत कोण बसलंय. आणि अलकाकडं तर माझ्यापेक्षा जास्त."

विजयमाला घरी गेली ती तडक कांचनच्या भागात. कांचन पितळेची भांडी पोत्यात गुंडाळत होती. विजयमाला उंबऱ्यावरच बसली.

"कांचन, माझं चुकलं."

हे दोन शब्द या घरानं तिच्या तोंडून ऐकले नव्हते. कांचननं मान वर केली नाही.

"मी ऐकलं गं. यंत्रात. मी पळत होते आणि तू..." विजयमाला थोडी पुढं सरकली. "चल परत. तुझ्यावाचून होत नाही."

"स्पर्धा आहे म्हणून?"

"नाही गं. स्पर्धा खड्ड्यात जाऊ दे."

मग कांचननं हातातलं तांब्याभांडं दाणकन खाली ठेवलं, आणि त्या गरीब गाईच्या डोळ्यांत असं काही आलं, की विजयमाला उंबऱ्यावर मागं सरकली.

"तीस वर्षं तुझ्या मागनं पळतेय मी! भजनात पळतेय, गल्लीत पळतेय, तू बोलून जायचं आणि मी आमटी घेऊन दारोदार फिरायचं. दम लागला मला, आक्का! आणि तू सगळ्या गावात काय सांगतेस? तू मला सांभाळून घेतलंस! अगं, सासूबाईंनी तुला एकटीलाच सांगितलं होतं काय?"

"म्हणजे?"

"मलाही सांगितलं होतं. त्याच दिवशी, स्वयंपाकघरात. 'थोरली तापट आहे, पण मनानं वाईट नाही. एकटी पडेल. तिला सांभाळून घे,' म्हणाल्या. मी घेतलं. पण त्या दिवशी शेवग्याखाली तू मला काढलंस ना, तेव्हा मला एवढंच वाटलं, की हिला कळलंसुद्धा नाही."

कांचन रडू लागली. विजयमालाही रडली, आणि ती रडायची म्हणजे गल्लीभर ऐकू जायचं. कांचन आपल्याला तू म्हणाली, हे तिच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं. जन्मभर तुम्ही-तुम्ही करणारी. पण त्या तू-नं तिला उलट धीरच आला.

"मग आता काय करायचं?" तिनं पदरानं नाक पुसत विचारलं.

"स्पर्धेपर्यंत थांबते," कांचन म्हणाली. "गाडी स्पर्धेनंतरच्या रविवारी बोलावते. पण एक सांगून ठेवते. या बारीला मी पळणार नाही. मी माझ्या लयीत बसणार. तुला यायचं तर तू ये."

ऋतुजानं आपणहून जागा सोडली आणि नऊ जणींतून नावही काढून घेतलं. पोरगी शहाणी, म्हणाली, "मला तिथं भ्याच वाटत होतं." सराव सुरू झाला, आणि काय सांगावं, विजयमालाचे हाल कुत्रं खाईना. साठीनंतर स्वभाव वळवायचा म्हणजे काय चेष्टा आहे? शर्वरीनं तिच्या मनगटाला एक पट्टी बांधली. लय पळाली की ती पट्टी हळूच टिचकी मारायची. "सवयीनं थोडं वळण येतं, अगदी म्हाताऱ्या माणसालाही," असं तिचं म्हणणं. पण दोन टिचक्या बसल्या की विजयमालाचं टाळकं सरकायचं. तिसऱ्या दिवशी तिनं पट्टी काढून पेटीवर आपटली.

"नको हे मेलं! कुणाचं ऐकतेय मी, टिचकीचं?"

"माझं ऐक," कांचन शांतपणे म्हणाली, आणि आपली जागा बदलली. गुडघ्यामागं होती ती पुढं, विजयमालाला दिसेल अशी समोर येऊन बसली. "माझ्या हाताकडं बघ."

विजयमालानं बघितलं. कांचनचा हात तिनं कधी बघितलाच नव्हता. मनगटावर भाजल्याचा जुना डाग, दोरी दोन बोटांत धरायची तिची रीत, आणि टाळ उचलण्याआधी ती घेते तो बारीकसा श्वास. तो श्वास कळला की ठोका कळायचा. एवढं सोपं होतं ते, आणि एवढं अवघडही.

स्पर्धा सांगलीला होती. मुक्ताई मंडळाची बारी दुपारी आली. विजयमाला पडद्यामागं टाळाची दोरी बांधत उभी होती. नंबराची तिला फिकीर उरली नव्हती. उद्या रविवार होता. बारामतीची गाडी येणार होती, पोती भरलेली होती, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

रूपाचा अभंग झाला, गवळण झाली. मग शेवटचा अभंग, आणि लग्गी. सभागृह डोलू लागलं, टाळ्या पडू लागल्या, आणि विजयमालाच्या अंगात ते जुनं वारं शिरलं. पुढं! पुढं! हात सुटलाच होता तिचा. एक ठोका पुढं गेलाही. समोर कांचन. तिनं डोळे वर केले नाहीत, हात घाईनं उचलला नाही. जिथं होती तिथंच राहिली, एकटी पडायची तयारी ठेवून. आणि विजयमालाला वाटलं, हिला मी एकटी कशी टाकू? तिनं पुढचा ठोका धरून ठेवला, कांचनच्या श्वासाची वाट बघितली, आणि मग दोन्ही टाळ एकत्र पडले. पखवाज येऊन मिळाला. पेटी आली. लय चढली, पण सगळ्यांना बरोबर घेऊन चढली. विजयमाला गात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थ मिळालं, आणि परीक्षक म्हणाले की एक ठोका निसटला नसता तर कदाचित वरचा नंबर मिळाला असता. नियमाप्रमाणे सगळ्यांचे आकडे पडद्यावर लागले. बायका माना उंचावून वाचू लागल्या, आणि उज्ज्वला एवढ्यानं ओरडली की पुढच्या ओळीतले लोक मागं वळले.

"अगं बया! बघा, बघा! आक्काला चळ लागला!"

खरंच होतं. मंडळात सगळ्यांत जास्त चळ विजयमालाचा होता. कांचनचा अगदी थोडा. शर्वरी एका कोपऱ्यात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. हा शब्द आपण बदलणार म्हणून तिनं मंडळाला वचन दिलं होतं. आता बायकांनी तिला घेरून बजावलं, खबरदार बदललास तर!

बाहेर स्टँडवर दोघी बाकावर बसल्या. विजयमालानं भडंगाचा पुडा आणला, आधी कांचनपुढं धरला, आणि मग जे दिवसभर विचारायचं राहिलं होतं ते विचारलं.

"उद्या गाडी किती वाजता येणार?"

कांचननं भडंगातला शेंगदाणा शोधून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"प्रणोतीला सांगितलंय, इतक्यात नको पाठवू म्हणून. आक्काला चळ लागलाय, तो उतरला की येते म्हटलं."

विजयमालानं पुडा पुन्हा तिच्यापुढं धरला.

"मग पोती सोड घरी गेल्यावर," ती म्हणाली. "हा काही उतरायचा नाही."